‘कॉम्प्युटरवर तपासलेली’ गादी घ्यावी का?

ताई, पक्षाघातानं झोपून असलेल्या वडिलांसाठी दुकानदार ‘कॉम्प्युटरवर तपासलेली’ म्हणून महागडी गादी दाखवतोय, ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, म्हणजे बेडसोर, टाळायला हवेची गादी जरूर घ्या. त्या एका शब्दासाठी जादा पैसे मात्र देऊ नका.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, ताण कुठं येतो, तडा कुठून जाईल, हे कॉम्प्युटरवर बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. बेडसोरवाले संशोधकही तेच करतात. एमआरआयवरून हाड, स्नायू, चरबी, कातडी यांचं बारीक जाळीचं मॉडेल करायचं, वजन टाकायचं आणि बघायचं. तेल अवीवचे अमित गेफेन, आइंडहोवनचे सीस ओमेन्स यांचं यात मोठं काम आहे. पण बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आकडे तक्त्यात मिळतात. माणसाचं मांस वय, साखर, वाळलेले स्नायू यांनुसार बदलतं. दुकानदाराच्या मॉडेलमधला माणूस तुमचे वडील नव्हेत.

त्या मॉडेलांनी दाखवलेली गोष्ट मात्र लाखमोलाची. सगळ्यात जास्त ताण बऱ्याचदा कातडीवर नसतो, आत हाडालगत असतो. रक्त अडून पेशी मरायला काही तास लागतात, पण फार पिळवटल्या तर त्याआधीच मरतात. म्हणजे वर काही दिसेपर्यंत आत काम झालेलं असू शकतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतही नाही, म्हणून रोज हात फिरवून बघा: जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का.

आईच्या वेळी मी रबरी रिंग आणली होती. मधे भोक, म्हणजे तिथं भार नाही, असा हिशेब. इंजिनिअर असून! भार जातो कुठं? कडेवर चढतो, मधलं मांस ताणलं जातं, रक्त आणखी अडतं. आठवड्यात जखम वाढली. रिंग आणूच नका.

पलंगाची डोक्याकडची बाजू जेवताना वर हवीच, नाहीतर ठसका लागतो. पण तसंच तासन्‌तास टीव्ही बघत ठेवलं की अंग खाली घसरतं, कातडी चादरीला धरून राहते आणि माकडहाडापाशी मांस पिळलं जातं. म्हणून आधी गुडघ्यांखाली उशी, मग डोकं वर. एरवी 30 अंशांच्या आत. कुशीवर वळवतानाही पूर्ण आडवं नको, खुब्याचं हाड रुततं. पाठीमागं वाकळेची वळकटी लावून 30 अंश कलवा. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला.

गादी आली तरी कूस बदलणं सुटत नाही. साधारण दोन तासांनी धरून चाला. गादीवर जाड वाकळ अंथरली तर पैसे पाण्यात. गादीखालून माकडहाडाच्या जागी हात घाला, अंग थेट हाताला लागलं तर हवा कमी आहे.

माकडहाडाजवळ जांभळट डाग दिसत असेल तर गादीचं नंतर बघू. उद्याच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा.