साउथ जॉर्जियाच्या समुद्रतळावर काय जगते?

दक्षिण अटलांटिक महासागरातील साउथ जॉर्जियासारख्या बर्फाळ बेटांभोवतीच्या समुद्रतळावर काही जगत असेल का, आणि पाणी थोडे तापले तर तिथले जीवन बहरेल का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकला प्राणिशास्त्र शिकवतो. ही बेटे मी पाहिलेली नाहीत, पण अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेले, प्राणी हा माझा रोजचा विषय आहे.

थंडी म्हटली की आमच्याकडे निफाडच्या द्राक्षबागा आठवतात. परंतु तिथे मणी तडकतात ते बहुतांशी रात्र आणि दुपार यांच्या तापमानातील तफावतीमुळे. याउलट साउथ जॉर्जियाच्या पृष्ठभागाजवळचे पाणी वर्षभर साधारण 0 ते 4 अंश सेल्सिअस इतक्याच मर्यादेत राहते, आणि थंड पाण्यात प्राणवायूही अधिक विरघळतो. त्यामुळे तळ ओसाड तर नाहीच, उलट गजबजलेला आहे.

मात्र ही गजबज सगळीकडे सारखी नसते. खडकाळ, उथळ किनाऱ्याला मॅक्रोसिस्टिस या महाकाय शैवालाची राने आहेत. खडकाला घट्ट धरून ठेवणाऱ्या त्याच्या मुळासारख्या गुंत्यात कृमी, भंगुरतारे (ताऱ्याच्या आकाराचे, बारीक भुजांचे प्राणी) आणि लहान कवचधारी प्राणी दडून राहतात. हिमनद्या जिथे खाडीत उतरतात तिथे बारीक गाळ साचतो आणि पाणी गाळून खाणाऱ्या स्पंजांची कोंडी होते. शिवाय मोठे हिमनग तळ अक्षरशः नांगरून काढतात. 2017 साली अंटार्क्टिकाच्या लार्सन-सी या समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफळीपासून सुटलेला ए-68ए हा अवाढव्य हिमनग 2020 च्या डिसेंबरात या बेटाच्या उथळ तळाजवळ येऊन ठेपला, तेव्हा अभ्यासकांना हीच धास्ती होती, कारण इथली वाढ इतकी संथ असते की उखडलेली वस्ती पुन्हा बसायला फार मोठा काळ लागतो.

दक्षिण महासागरातील ग्लिप्टोनोटस हा प्राणी मला विशेष आवडतो. कुंडीखालच्या ओलीत सापडणाऱ्या 14 पायांच्या राखाडी किड्याचा हा नातलग, पण वाढतो सुमारे 20 सेंटीमीटरपर्यंत. मादी अंडी पाण्यात सोडून न देता पोटाखालच्या पिशवीत वागवते आणि तयार पिल्लेच बाहेर येतात. या पाण्यातील बऱ्याच प्राण्यांची हीच रीत असल्याने पिल्ले लांबवर पसरत नाहीत, आणि एखाद्या ठिकाणची वस्ती गेली तर ती दुरून सहज भरून निघत नाही. 2012 साली या बेटांभोवतीचे 10 लाख चौरस किलोमीटरहून अधिक सागरी क्षेत्र संरक्षित करण्यात आले आणि तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर तिथे बंदी आहे, ती मला म्हणूनच रास्त वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. तापमान वाढल्यास उत्तरेकडच्या काही प्रजातींचे फावेल, परंतु मूळच्या रहिवाशांना ते मानवणार नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या लॅटर्नुला या शिंपल्यावर झालेल्या प्रयोगांत पाणी 5 अंशांपर्यंत तापवल्यावर, गाळातून बाहेर काढलेले शिंपले पुन्हा गाळात रुतू शकले नाहीत. आणि गाळावर उघडा पडलेला शिंपला म्हणजे शिकाऱ्यांना आयताच घास.