एनबीएमधले मुद्दाम हरणे थांबवायचे असेल, तर ड्राफ्टची लॉटरीच रद्द करावी का?

लॉटरी रद्द करून काहीही साधणार नाही, कारण ती आली तीच मुळी मुद्दाम हरणाऱ्यांना चाप लावण्यासाठी. ड्राफ्ट म्हणजे अमेरिकेतल्या या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघांनी नव्या खेळाडूंना क्रमाने निवडण्याची पद्धत, पिक म्हणजे त्या क्रमातली एक निवड, आणि बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांमध्ये पहिले पिक चिठ्ठ्या काढून ठरवायचे, ती लॉटरी. तिच्या आधी पहिल्या पिकसाठी दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होत असे. ह्यूस्टनने 1983 मध्ये राल्फ सॅम्पसन आणि 1984 मध्ये हकीम ओलाजुवॉन असे सलग दोन वर्षे पहिले पिक मिळवले, तेव्हा दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस हा संघ खरोखर जिंकायला उतरत होता का, असा संशय लोक उघडपणे बोलून दाखवू लागले, आणि 1985 मध्ये लॉटरी सुरू झाली. पुढे 1990 मध्ये तळाच्या संघांना जास्त संधी देण्यात आली. 1993 मध्ये 41 सामने जिंकून 41 हरलेल्या ऑरलँडोला 66 पैकी एका संधीवर पहिला पिक लागल्यावर ओरड झाली आणि सर्वांत वाईट संघाची शक्यता 25 टक्क्यांवर नेली गेली. 2019 मध्ये तळाच्या तिघांनाही सारखेच 14 टक्के देण्यात आले. म्हणजे गेली चाळीस वर्षे एकच आकडा कधी वर, कधी खाली केला जात आहे, आणि हरण्याला बक्षीस मिळते या मूळ व्यवस्थेला कोणीही हात लावलेला नाही.

हे इतक्या तिडिकीने लिहिण्याचे कारण असे, की 2013 ते 2016 ही तीन वर्षे मी चेरी हिलला, म्हणजे फिलाडेल्फियाच्या नदीपलीकडे, राहत होतो आणि माझा मुलगा त्या वयात बास्केटबॉलने झपाटलेला होता. फिलाडेल्फियाच्या संघाचे, सेव्हन्टीसिक्सर्सचे, सूत्रधार तेव्हा सॅम हिंकी होते. त्यांनी आल्या आल्या जरू हॉलिडे हा ऑल-स्टार खेळाडू न्यू ऑर्लिन्सला देऊन गुडघा दुखावलेला नर्लेन्स नोएल आणि पुढच्या वर्षीचा पिक घेतला, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये इव्हन टर्नर व स्पेन्सर हॉज यांनाही घालवले. टर्नरच्या बदल्यात आलेला डॅनी ग्रेंजर फिलाडेल्फियासाठी एकही सामना न खेळता मोकळा झाला. त्या हंगामात संघ 19 सामने जिंकला, पुढच्या हंगामात 18, आणि त्याच्या पुढच्या हंगामात 82 पैकी 10.

29 मार्च 2014 ची ती रात्र. संघ सलग 26 सामने हरला होता आणि आणखी एक हरला असता, तर एनबीएतला सर्वांत लांब पराभवमालिकेचा विक्रम एकट्या फिलाडेल्फियाच्या नावावर लागला असता. समोर डेट्रॉइट होते. एडिसनहून माझे साडू मुद्दाम आले होते. ते वित्तक्षेत्रातले, आकड्यांत रमणारे, आणि हिंकींचे परमभक्त. त्या रात्री फिलाडेल्फिया 123-98 असे जिंकले. शेवटच्या काही मिनिटांत सगळे प्रेक्षागृह उभे होते, माझ्या मुलाचा ओरडून ओरडून आवाज बसला होता, आणि मैदानावरची मुले, ज्यांतल्या निम्म्यांना पुढच्या वर्षी आपण या लीगमध्ये असू की नाही याचीही खात्री नव्हती, पंचवीस गुणांची आघाडी असतानाही सुटलेल्या चेंडूवर झेप घेत होती. साडू मात्र खुर्चीत बसून मोबाइलवर गुणतालिका उघडून मिलवॉकीचा संघ आपल्यापेक्षा किती खाली आहे ते पाहत होते. "हा विजय महागात पडणार," असे ते मला म्हणाले आणि परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी मला शक्यतांचे गणित समजावून सांगितले. "पेरणीच्या वर्षी धान्य मोजायचं नसतं," हे त्यांचे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक गणपतीत आणि प्रत्येक दिवाळीत ऐकले आहे.

त्यांचा मुद्दा मला कळत नव्हता असे मुळीच नाही. नव्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षे ठरावीक तक्त्याने बांधलेला असतो, त्यामुळे ड्राफ्टमधून आलेला अव्वल खेळाडू पगारमर्यादेच्या हिशेबात कमालीचा स्वस्त पडतो, आणि ज्या शहरात मोठे खेळाडू आपणहून येत नाहीत त्या शहराला दुसरा मार्गही फारसा नसतो. पण एखादी गोष्ट नियमात बसते आणि फायद्याची आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही; उलट ती फायद्याची आहे म्हणूनच नियम बदलायला हवा. शिवाय, हरतात ते खेळाडू आणि प्रशिक्षक नव्हेत, हे त्या रात्री डोळ्यांनी पाहिले होते. हरण्याची तजवीज कार्यालयात होते, आणि तिकिटाचे पैसे मात्र मैदानाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडून घेतले जातात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही म्हणता की 14 टक्क्यांचा नियम येऊनही काही बदलले नाही, तर ते अर्धेच खरे आहे. 2023 आणि 2024 मध्ये डेट्रॉइट आणि 2025 मध्ये युटा हे सर्वांत वाईट संघ असूनही तिन्ही वेळा पाचव्या क्रमांकावर फेकले गेले. त्यामुळे अगदी तळाला जाण्याची हाव कमी व्हायला हवी. पण त्याच वेळी तळापासून सातव्या संघाची पहिल्या पिकची शक्यता 4.3 टक्क्यांवरून 7.5 वर गेली. पूर्वी जो मधला संघ मुकाट्याने खेळत राहिला असता, तो आता मार्च महिन्यात आपल्या मुख्य खेळाडूची पाठ दुखत असल्याचे जाहीर करतो.

माझ्या मते दोन गोष्टी करायला हव्यात. पहिली म्हणजे ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीत, दिलेल्या पिकला लावले जाणारे संरक्षण बंद करावे. दिलेला पिक पहिल्या अमुक क्रमांकांत आला तर तो मूळ संघाकडेच राहील, ही अट म्हणजे हरण्याचे लेखी आमंत्रण आहे. एप्रिल 2023 मध्ये डॅलसचा पिक पहिल्या दहात आला तरच त्यांच्याकडे राहणार होता, नाहीतर तो न्यूयॉर्कला जाणार होता. प्ले-इनमध्ये, म्हणजे बाद फेरीतल्या शेवटच्या जागांसाठीच्या पात्रता सामन्यांत, पोहोचण्याची आशा जिवंत असतानाही त्यांनी शिकागोविरुद्ध प्रमुख खेळाडूंना बसवले आणि आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डॉन्चिच यालाही लवकरच बाहेर काढले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला, आणि डॅलसने तो भरून दहावा पिक राखला. 2025 मध्ये आमच्या फिलाडेल्फियाचा पिकही पहिल्या सहात आला तरच वाचणार होता, आणि तो तिसरा आला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बाद फेरी गाठण्याच्या शर्यतीतून बाहेर पडल्यानंतर उरलेल्या हंगामात संघ जे सामने जिंकेल, त्यांवर ड्राफ्टमधला क्रम ठरवावा. 2024 मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, पीडब्ल्यूएचएलमध्ये, असेच चालते आणि तिथे पहिल्याच वर्षी न्यूयॉर्कने बाहेर पडल्यानंतर गुण कमावून पहिला पिक मिळवला. कमजोर संघ लवकर बाहेर पडतो, म्हणून त्याला गुण कमावायला जास्त सामने मिळतात, आणि शेवटच्या महिन्यातल्या तिकिटालाही काही किंमत उरते. सर्व संघांना तीस वर्षांच्या चक्रात एकेकदा प्रत्येक पिक द्यावा, असा बोस्टन संघाच्या व्यवस्थापनातल्या माइक झॅरेन यांचा जुना प्रस्तावही आहे, परंतु सध्या खरोखरच गाळात असलेल्या शहराला "तुमची पाळी अकरा वर्षांनी" असे कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

यात त्रुटी आहेत, हे मान्य करायला हवे. संघमालक लवकर बाद होण्यासाठी डिसेंबरमध्येच हरू लागतील, आणि दुखापतींनी खरोखर मोडलेल्या संघावर अन्याय होईल. शिवाय, मालकांच्या मतांशिवाय काहीच बदलत नाही; 2014 मध्ये सुधारणेच्या बाजूने 17 आणि विरोधात 13 मते पडली, तरी 23 ची अट असल्यामुळे ती बारगळली.

पण पेरणीच्या वर्षी धान्य मोजू नये असे जे म्हणतात, त्यांनी निदान कापणीच्या वर्षी तरी मोजावे. त्या तीन वर्षांतून जोएल एम्बीड आला, 2016 चा पहिला पिक बेन सिमन्स आला, आणि 2017 मध्ये बोस्टनबरोबर क्रम बदलून पहिल्या क्रमांकावर मार्केल फुल्ट्झ घेतला गेला, तर बोस्टनने तिसऱ्यावर पुढे मोठा तारा ठरलेल्या जेसन टेटमला घेतले. 2018 ते 2023 या काळात फिलाडेल्फिया पाच वेळा बाद सामन्यांच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले आणि पाचही वेळा तिथेच हरले. ज्या 2014 च्या ड्राफ्टसाठी एवढे सगळे केले, त्याच ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने पुढे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या निकोला योकिचला 41 व्या क्रमांकावर घेतले, आणि त्याच्या आधी दुसऱ्या फेरीतच फिलाडेल्फियाने 32 वा आणि 39 वा असे दोन पिक वापरले होते. हे सांगितले की साडू 2019 च्या टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यावर येतात, जिथे टोरांटोच्या कावाय लेनर्डचा शेवटचा फटका रिंगवर चार वेळा आपटून आत पडला, आणि तो बाहेर पडला असता तर इतिहास वेगळा झाला असता, असे म्हणतात. गुण 90-90 असे बरोबरीत होते. तो बाहेर पडला असता तर सामना जादा वेळेत गेला असता, एवढेच.