प्रोजेक्टला वेळ दे, बाबांची बचत देऊ नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र वाचलं. कम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, एका प्रायोगिक ब्लॉकचेन प्रोजेक्टमध्ये आठ महिने विनामोबदला काम, आणि आता फाउंडरकडून नोकरीचं बोलावणं. अर्धा पगार रोख, अर्धा टोकनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्याच डिजिटल नाण्यांत. वर ‘आतल्या लोकांसाठी’ सवलतीच्या दरात टोकन घ्यायची संधी, तीही पुढच्या शुक्रवारपर्यंतच. बाबा त्यांची बचत द्यायला तयार, आई अजिबात नाही. हातात दुसऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीची, तुझ्या शब्दांत ‘कंटाळवाणी’, ऑफर आहे. शेवटी तू विचारतेस, ‘इथेरियमही 2014 मध्ये प्रयोगच होता ना?’

तिथे काम करावं का आणि तिथे पैसे घालावेत का, हे दोन वेगळे प्रश्न तू एकाच वाक्यात विचारले आहेस. पहिल्याला माझं उत्तर आहे, बहुधा हो, पण अटी घालून. दुसऱ्याला सरळ नाही.

इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून आधी त्याचंच बोलू. इथरची, म्हणजे इथेरियमच्या चलनाची, विक्री जुलै 2014 मध्ये सुरू झाली, 42 दिवस चालली आणि तेव्हाच्या भावाने साधारण 1 कोटी 80 लाख डॉलरचे बिटकॉइन जमा झाले. नेटवर्क सुरू झालं 30 जुलै 2015 ला. घेणाऱ्यांनी वर्षभर निव्वळ भरवशावर काढलं. तो भरवसा खरा ठरला, म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. आता टेलिग्रामचं बघ. 2018 मध्ये त्यांनी आपल्या टोकनसाठी 170 कोटी डॉलर उभे केले. प्रोग्रामर उत्तम, वापरकर्ते कोट्यवधी. तरी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, कोर्टात खेचलं, 2020 मध्ये टेलिग्रामला प्रकल्प सोडावा लागला आणि गुंतवणूकदारांना 120 कोटी डॉलर परत करायचं कबूल करावं लागलं. कोड मात्र खुला होता. तो दुसऱ्या डेव्हलपर्सनी उचलला आणि आजचं टॉन नेटवर्क त्यातूनच उभं राहिलं. पैसे घातलेल्यांच्या वाट्याला काय आलं आणि कोडचं काय झालं, हे शेजारी ठेवून बघ. तुझा निर्णय मला तिथेच दिसतो.

आता तुझ्या विषयाकडे. तू टेस्टिंगमध्ये रमतेस असं लिहिलं आहेस, म्हणजे ‘द डाओ’, इथेरियमवर कोडने चालणारा तो सामायिक गुंतवणूक निधी, ठाऊक असेलच. नसेल तर याच आठवड्यात वाच. 2016 च्या वसंतात लोकांनी त्यात सुमारे 15 कोटी डॉलरचं इथर टाकलं. कोड सगळ्यांना वाचायला खुला होता, आणि लिहिणाऱ्यांत इथेरियमच्याच चाचण्या घेतलेला माणूस होता. तरी 17 जूनला कुणीतरी 36 लाख इथर वळवून घेतलं. चूक बघ केवढी. पैसे मागितले की कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम) आधी पैसे पाठवायचं आणि मग खात्यातली शिल्लक कमी करायचं. मागणारा स्वतःच एक कॉन्ट्रॅक्ट असेल, तर पैसे हातात पडताक्षणी तो पुन्हा मागतो. शिल्लक अजून जुनीच दिसत असते, म्हणून पुन्हा पैसे जातात. आणि पुन्हा. शिल्लक आधी कमी केली असती तर हे झालंच नसतं. शेवटी जुलैमध्ये हार्ड फोर्क करून, म्हणजे नेटवर्कचे नियम बदलून ब्लॉकचेनला नवा फाटा काढून, ते इथर परत फिरवावं लागलं. ज्यांना हे पटलं नाही त्यांची जुनी साखळी इथेरियम क्लासिक म्हणून वेगळी चालू राहिली. पुढच्या वर्षी इथर ठेवायच्या पॅरिटी वॉलेटची एक लायब्ररी, म्हणजे अनेक वॉलेट वापरत असलेला सामायिक कोड, कुणा वापरकर्त्याच्या हातून नष्ट झाली आणि पाच लाखांहून जास्त इथर अडकलं. त्या वेळी कुणी फोर्क केला नाही.

साध्या सॉफ्टवेअरमध्ये बग सापडला की दुसऱ्या दिवशी पॅच जातो, फार तर वापरकर्ते शिव्या घालतात. इथे बग आणि तिजोरी एकाच फाइलमध्ये असतात. अशा ठिकाणी काम करणारा प्रोग्रामर दोन वर्षांत जे शिकतो, ते त्या कंटाळवाण्या ऑफरमध्ये पाच वर्षांतही मिळेलच असं नाही, हे मी मान्य करतो. पण नेमक्या त्याच कारणाने तिथे घरचे पैसे ठेवू नयेत. प्रोजेक्ट गुंडाळला गेला तरी क्रिप्टोग्राफी, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, दुसऱ्याचा कोड चिकित्सेने वाचायची सवय तुझ्याबरोबर पुढच्या नोकरीत येईल. बाबांची बचत येणार नाही.

शिवाय तुझा अर्धा पगार आधीच टोकनमध्ये आहे, म्हणजे तू न मागता गुंतवणूकदार झालीच आहेस. त्यावर बचतही तिथेच घातली, तर एका वाईट दिवशी नोकरी, पगार आणि पुंजी तिन्ही जातील. हे काही क्रिप्टोतच घडतं असं नाही. 2001 मध्ये एन्रॉन बुडाली तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांचं असंच झालं, कारण त्यांच्या निवृत्तीच्या पैशांचा मोठा हिस्सा कंपनीच्याच शेअर्समध्ये होता.

शुक्रवारच्या मुदतीचं मला फारसं कौतुक नाही. टेस्टनेटवर, म्हणजे खरे पैसे नसलेल्या चाचणीच्या नेटवर्कवर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरला शुक्रवारची घाई कशाला? घाई विकणाऱ्याला असते. फाउंडर लबाड आहे असं मी म्हणत नाही. प्रामाणिक माणसांचेही पैसे संपतात, आणि मग ते ओळखीच्या लोकांकडेच आधी वळतात.

होकार कळवण्यापूर्वी प्रोजेक्टचा कोड ठेवलेल्या रिपॉझिटरीकडे बाहेरच्या माणसाच्या नजरेने बघ. गेल्या सहा महिन्यांतले कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, किती जणांचे आहेत? तुझे आणि फाउंडरचे वगळले तर काय उरतं? कोडचं बाहेरून ऑडिट झालं असेल तर अहवाल मागून वाच, नुसता लोगो बघून समाधान मानू नकोस. त्यात दाखवलेल्या चुका पुढे दुरुस्त झाल्या का, हेही तपास. टोकनचं वाटप कसं आहे, फाउंडर आणि सुरुवातीचे गुंतवणूकदार आपला हिस्सा कधी विकू शकतात? त्यांची मुदत सहा महिन्यांत सुटत असेल आणि तुझी चार वर्षांत, तर भाव उतरताना दारात शेवटची तू असशील. आणि टोकन आज अस्तित्वातच नसेल, तर ‘टोकनमध्ये पगार’ म्हणजे पगाराचं आश्वासन, एवढंच समज.

म्हणून माझा सल्ला असा. रोख पगार इतका माग की टोकनची किंमत शून्य धरली तरी तुझा खर्च भागेल. ते त्यांना जमत नसेल, तर कंटाळवाणी ऑफर घे आणि संध्याकाळी इथे कोड लिहीत राहा. आठ महिने तेच केलं आहेस, त्यात कमीपणा नाही. मात्र नव्या कंपनीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी बघ.

आईला सांग की ती पैशांबाबत बरोबर आहे. कामाबाबत तिच्याशी अजून बोलावं लागेल, ते तुला जमेल.

फाउंडरशी बोलताना टोकनचा हिस्सा थोडा कमी पडला तरी ताणून धरू नकोस. तू लिहिलेला कोड ओपन सोर्स परवान्याखालीच राहील आणि त्यावर तुझं नाव राहील, एवढं मात्र ऑफर लेटरमध्ये लेखी घे.