बोट चुकली तर चुकू द्या

पत्र : मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. मे महिन्यात घरच्या दहा जणांनी गाडीने कोकणात जायचं ठरलंय. सासरे ७५ वर्षांचे, इन्सुलिनवर. सासूबाई ६९, गुडघे पार गेलेले. सुट्टीला माहेरी आलेल्या नणंदबाई, नंदोई आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. आम्ही दोघं, मुलगी चौदाची, मुलगा सहाचा. शिवाय माझी आई. बाबा गेल्यापासून ती एकटी आहे. तिलाही नेऊ असं मी बोलून गेले आणि तेव्हापासून सासूबाई गप्प आहेत. सासऱ्यांना गणपतीपुळे ते हरिहरेश्वर गाडीसकट बोटीतून जायचंय. सासूबाई म्हणतात, मी बोटीत पाय ठेवणार नाही. मिस्टर म्हणतात, रात्री दहाला निघू, पहाटे समुद्रावर. चार दिवसांत सगळं बसवायचं आहे. प्रत्येक जण मलाच विचारतो आणि काही बिनसलं की बोलणीही मलाच बसणार. रद्द करून टाकू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई, रद्द करू नका. पण चार दिवसांचा बेत मात्र आजच मोडा. तुमच्या पत्रातल्या बहुतेक कटकटी त्या चार दिवसांतून निघाल्या आहेत. दिवस कमी म्हणून रात्रीचं ड्रायव्हिंग, रात्रीचं ड्रायव्हिंग म्हणून चिडचिड, आणि मग अमुक वाजताची बोट गाठायचीच म्हणून जेवण, लघवी, औषध सगळं पुढे ढकललं जातं. बोटीची भीती बाळगायचं फारसं कारण नाही. भीती बाळगायची ती बोट गाठायच्या घाईची. म्हातारी माणसं आजारी पडतात ती तिथे.

तीन खाड्या ओलांडायच्या तर शनिवारी निघून पुढच्या रविवारी परत, असे नऊ दिवस लागतात. पहिला मुक्काम कोल्हापूर. मग गणपतीपुळ्यात दोन रात्री. मंगळवारी जयगडहून बोटीने तवसाळ आणि पुढे गुहागर, तिथे दोन रात्री. गुरुवारी धोपाव्याहून दाभोळ, मुक्काम दापोलीच्या आसपास. शुक्रवारी वेसवीहून बागमांडला आणि लगेच हरिहरेश्वर. शनिवारी माणगाव, ताम्हिणी घाटाने पुणे, रात्र नणंदबाईंकडे. रविवारी तुम्ही सोलापूर. तिन्ही बोटी आठवड्याच्या मधल्या वारी येतात, हा यातला मोठा फायदा. मे महिन्यात शनिवार-रविवारी जेट्टीवर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते आणि एक-दोन बोटी डोळ्यांदेखत भरून जातात. ताम्हिणीतही शनिवारी पुण्याची गर्दी खाली उतरत असते, तुम्ही उलट वर चढत असाल. हरिहरेश्वरची खोली मात्र शुक्रवारची आहे, ती सगळ्यात आधी बुक करा.

मिस्टरांना पाचच दिवस रजा मिळत असेल तर हरिहरेश्वर सोडा. कोल्हापूर, गणपतीपुळे, जयगडची एकच बोट, गुहागर, आणि परत येताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड. हा निर्णय तुम्ही घेऊ नका. सासऱ्यांसमोर दोन्ही कागद ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. त्यांनी निवडलेलं ते मोडणार नाहीत.

रात्री दहाला निघण्याबद्दल माझं मत ठाम आहे : नाही. दिवसभर काम केलेला माणूस पहाटे तीन-चारला आंबा घाटात पोचणार. झोप सगळ्यात जास्त अनावर होते ती नेमकी त्याच वेळी, आणि वळणंही तिथेच आहेत. रुंदीकरणाचं काम चालू असेल तर अंधारात खोदलेली कडाही दिसत नाही. त्याऐवजी शनिवारी पहाटे पाचला निघा. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत चहा-नाश्त्यासह साडेअकरापर्यंत कोल्हापूर येतं. पश्चिमेकडे जाताय म्हणून सकाळचं ऊन पाठीवर राहतं, डोळ्यांवर येत नाही, आणि सोलापूरच्या बेचाळीस अंशांतून दुपारच्या आत बाहेर पडता. संध्याकाळी सासूबाईंचं अंबाबाईचं दर्शन होईल. रविवारी सकाळी ताज्या डोक्याने घाट.

गाड्यांचं असं करा. तुमच्या सातआसनी गाडीत सात माणसं बसतात, पण सामानाला जागा उरत नाही. टपावर बोजा चढवला तर बोटीच्या उतारावर गाडी मागे बसते. नणंदबाईंच्या गाडीत ते तिघं आणि तुमची दोन मुलं. मुलं एकत्र असली की तुम्हाला फार काही करावं लागत नाही. तुमच्या गाडीत तुम्ही पाच जण, शेवटची रांग पाडून बॅगा. सासूबाई पुढे, सीट पूर्ण मागे सरकवून, म्हणजे पाय लांब करता येतो. चढा-उतरायला घरातला पाट डिकीत ठेवा. तेवढ्याशा उंचीने गुडघ्याला केवढा फरक पडतो ते पहिल्याच थांब्यावर दिसेल. पुण्याहून शेवटच्या टप्प्यात पुन्हा सात जण होतील, तेव्हा आई आणि मुलगी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येऊ शकतात. तिकीट आधी काढा. आणि कुणी ओळखीची गाडी ‘स्वस्तात’ भाड्याने देतो म्हणाला तर नंबरप्लेट बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका. अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात.

आता बोट. कोकणात तिला जंगलजेट्टी म्हणतात. सपाट तळाची लोखंडी बोट असते, पुढची फळी उताराला टेकवते आणि गाड्या आत घेते. ती भर समुद्रात जात नाही, खाडी ओलांडते. जयगड-तवसाळला शास्त्री नदीची, धोपावे-दाभोळला वाशिष्ठीची, वेसवी-बागमांडल्याला सावित्रीची. पाणी कापायला दहा-पंधरा मिनिटं. दाभोळला हीच खाडी रस्त्याने टाळायची तर खेड-चिपळूणवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो, आणि त्या वळशात सासूबाईंच्या गुडघ्याचे जे हाल होतील ते बोटीत होणार नाहीत. त्यांना हे असंच सांगा.

खरी अडचण बोटीत नसते, उतारावर असते. भरतीला फळी जवळजवळ सपाट टेकते. मोठ्या ओहोटीला पाणी खाली जातं, उतार उभा होतो, खालच्या काँक्रीटवर शेवाळ असतं आणि भरलेल्या गाडीचा बंपर घासतो. म्हणून भरतीची वेळ बघून निघा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. नवमीला पावणेसातला भरती, एकच्या आसपास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा भरती आणि पहाटे-संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. कॅलेंडरवरची तिथी बघून अंदाज घ्या आणि आदल्या दिवशी भरतीच्या तक्त्यावर पक्की वेळ तपासा.

अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे. तेव्हा ओहोटीही सगळ्यात खोल जाते. त्या दिवसांत संध्याकाळची बोट धरू नका, सकाळी दहा ते बाराची धरा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी, तेव्हा कधीही चालेल. चतुर्थी-पंचमीला नऊ-दहाची वेळ टाळून दुपारी बाराला जा. एरवी दुपारनंतर वारा सुटतो आणि खाडीच्या तोंडाशी पाणी हलतं, म्हणून सकाळ केव्हाही बरी.

जेट्टीवर पोचलात की क्रम असा ठेवा. एकाने तिकीट काढायचं. गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं, आणि सुटे पैसे हातात, कारण तिथे मोबाइलला रेंज असेलच असं नाही. सासूबाई सोडून बाकीचे उतरून पायी चढतील, गाडी हलकी होते. मुलांचे हात मोठ्यांच्या हातात, आणि गाड्या चढत असताना फळीच्या बाजूला किंवा दोरखंडाजवळ कुणीही उभं राहायचं नाही. चालकाने पहिला गिअर, एसी बंद, मधे न थांबता. काही बोटींवर गाडी रिव्हर्सने घ्यायला सांगतात. ज्याचा हात रिव्हर्सला बसलेला आहे त्यानेच चालवायचं, इथे मानापमान नको. आत लागल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. गाड्या इतक्या खेटून लावतात की दार उघडत नाही, म्हणून चढण्याआधीच खलाशाला सांगा : वयस्कर बाई आहेत, डाव्या बाजूला दार उघडेल एवढी जागा सोडा. ते ऐकतात. काचा खाली करा, लोखंडी डेक उन्हात तव्यासारखा तापतो. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आणि उभा असतो. मुलांना मोठ्यांबरोबर जाऊ द्या, सासूबाईंना अजिबात नेऊ नका. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते सगळ्यांना एकदा हाताने दाखवून सांगा.

आणि रांग लागली, बोट चुकली, तर चुकू द्या. त्या दिवशी दुसरं काहीच ठरवलेलं नसावं, एवढीच काळजी घ्या.

सासऱ्यांच्या बाबतीत एक नियम तोडायचा नाही : ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन नाही. ‘पलीकडे गेलो की जेवू’ म्हणून आधी टोचून घेतलं आणि बोट तासभर उशिरा आली तर साखर घसरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू झालं की तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्या. त्यांच्या खिशात आणि तुमच्या पर्समध्ये, दोन्हीकडे पुडी असू द्या. इन्सुलिन तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं, आणि बंद गाडीत तापलेलंही. थर्मास माणसांबरोबर उतरला पाहिजे.

सासूबाई, आणि बहुधा तुमच्या आईही, प्रवासात पाणीच पिणार नाहीत. कारण तुम्हालाही माहीत आहे, वाटेत जायचं कुठे. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही गुपचूप बंद करतात. हे विचारून घ्या आणि डॉक्टरांशी बोला. दर दीड तासाने थांबा, मोठा पेट्रोलपंप किंवा स्वच्छ हॉटेल बघून, कुणी मागितलं नाही तरी. कोकणात पारा आपल्यापेक्षा आठ-नऊ अंश खाली असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि माणूस न कळता गळतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं रोज सकाळी करून ठेवा. सासऱ्यांना मात्र ते डॉक्टरांना विचारून. गाडी लागण्याची गोळी घाटाच्या तासभर आधी. धाकट्याचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर घ्या. दोन्हीला हवा लागत नाही असं समजू नका. कोकणच्या दमटपणात कडक भाकरी दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. घरी मासे-मटण चालत नसेल तर खोली बुक करतानाच स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत का ते विचारा. पोचल्यावर विचारलं की सासूबाई उपाशी झोपतात.

पुळ्याच्या समुद्रात गुडघ्यापलीकडे कुणीही जायचं नाही, नंदोईही नाही. किनारा एकदम खोल होतो आणि ओहोटीचं पाणी आत ओढतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांतल्या पायऱ्यांनी खाली समुद्राला लागून जाते. ती सासूबाईंनी करायची नाही आणि बाकीच्यांनी भरतीला करायची नाही.

राहिला सासूबाईंचा अबोला. तुमच्या आई त्यांना नकोशा आहेत असं लगेच धरून चालू नका. ज्या बाईला गाडीतून उतरताना दोघांचा हात लागतो, खाली बसायचा संडास चालत नाही, तिला हे सगळं विहिणीसमोर व्हायला नको असतं. तसं असेल तर ते त्या तोंडाने बोलणार नाहीत, तुम्ही व्यवस्थेतून मिटवा. सासू-सासऱ्यांना तळमजल्याची, आत कमोड असलेली स्वतंत्र खोली. तुमच्या आई नातीबरोबर दुसऱ्या खोलीत. फोनवर ‘तळमजला आहे ना’ एवढंच विचारू नका. ‘गाडीपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या’ असं विचारा. कोकणातल्या तळमजल्यालाही जोत्याच्या चार-पाच पायऱ्या असतात.

सासूबाईंशी बोलायचं ते तुमच्या मिस्टरांनी, तुम्ही नाही. वाक्य लांब नको : “आई, त्यांना आपण बोलावलंय, मी बोलावलंय. तुझी खोली वेगळी आहे.” ‘मी’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला पाहिजे. आणि आईचा खर्च तुम्ही तुमच्या पगारातून आधीच बाजूला काढून ठेवा, कुणी विचारायच्या आत.

बाकी कामं वाटून टाका. डिझेल, बोट, टोल, चहा यांची एकच थैली, दोन्ही घरांनी सारखी रक्कम घालायची, हिशेब नंदोईंकडे. खोल्यांचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. भरतीचा तक्ता आणि बोटीला आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारणं चौदा वर्षांच्या लेकीकडे. ती हे नीट करेल आणि आजोबा तिला दिवसातून दहादा विचारतील. गाड्यांची हवा, स्टेपनी, कूलंट मिस्टरांकडे, निघायच्या आठवडाभर आधी. औषधांची पिशवी नणंदबाईंकडे, कारण आई-वडील त्यांचे आहेत. तुमच्याकडे फक्त खोल्यांचं बुकिंग. ते मात्र या आठवड्यात करा, मे महिन्यात तळमजले आधी संपतात.