वाचकांचे प्रश्न : जंगलातला चेस्टनट नेमका कोणता?

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरवाटेवर एकाच बुंध्यातून फुटलेले लांब, दातेरी पानांचे पाच-सहा फुटवे दिसले. फोनवरच्या अ‍ॅपनं 'अमेरिकन चेस्टनट' असं नाव सांगितलं. पण हे झाड तर संपलं ना? शेजाऱ्यांच्या परसातही तशाच पानांचं मोठं झाड आहे. दोन्ही एकच का?
— एक वाचक, हॅरिसबर्ग

उत्तर : संपलेलं नाही, मोठं व्हायचं थांबलंय. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एक बुरशी पहिल्यांदा लक्षात आली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत तिनं अमेरिकन चेस्टनटची अब्जावधी झाडं मारली. ही बुरशी सालीत शिरते, जमिनीखालच्या मुळांना मात्र मारत नाही. मुळांच्या वरून फुटवे येतात, जरा जाड होतात, साल तडकते, त्या भेगेतून बुरशी पुन्हा आत जाते. वरचं वाळतं, खालून नवीन फुटतं. फुटव्यांजवळ जुनी मेलेली खोडं आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसले, तर अमेरिकन चेस्टनटची शक्यता बरीच वाढते. परसातलं डेरेदार, फळांनी लगडलेलं झाड बहुधा चिनी चेस्टनट किंवा संकर असावं.

आता खात्री कशी करायची? पान उन्हातलं घ्या, ही पहिली अट. चिनी चेस्टनटच्या पानाची खालची बाजू लवेमुळे पांढुरकी, मऊ लागते. पण सावलीतल्या पानांवर ही लव विरळ होते आणि मग तेच पान अमेरिकन वाटू लागतं. बहुतेकांची फसगत इथंच होते. अ‍ॅपचीही होते, कारण त्याला आपण पानाची फक्त वरची बाजू दाखवतो.

अमेरिकन पान कागदासारखं पातळ, निस्तेज, साधारण ५ ते ९ इंच लांब आणि देठाकडे निमुळतं होत गेलेलं असतं. दाते मोठे, टोकाशी आकड्यासारखे वळलेले. चिनी पान जाड, चकचकीत, देठाशी गोलसर, दाते लहान. जपानी चेस्टनटचे दाते इतके बारीक असतात की कडेला नुसते केस लावलेत असं वाटतं. त्याच्या पानाखाली दहापट भिंगातून बारीक ग्रंथींचे ठिपके दिसतात. युरोपियन चेस्टनट या सगळ्यांच्या अधेमधे पडतो, म्हणून केवळ पानावरून त्याचं नाव घेऊ नये.

पानापेक्षा डहाळी जास्त खरं बोलते. अमेरिकन डहाळी बारीक, तांबूस-तपकिरी, गुळगुळीत. डोळे, म्हणजे नवी पालवी फुटते त्या कळ्या, टोकदार आणि डहाळीपासून बाहेर झुकलेले. चिनी डहाळी फिकट तपकिरी किंवा हिरवट, शेंड्याला लव असलेली. डोळे बोथट, डहाळीला चिकटून बसलेले. पान, लव, डहाळी आणि डोळा ही चारही लक्षणं एका बाजूला झुकली तर नाव पक्कं समजा. दोन इकडं, दोन तिकडं, तर संकर.

चेस्टनट नसलेलीही झाडं फसवतात. बीचचं पान आखूड, दाते अगदी लहान, साल राखाडी नि गुळगुळीत. 'चेस्टनट ओक'च्या पानाची कड नागमोडी असते, टोकदार दाते नसतात. सॉटूथ ओकचं पान मात्र हुबेहूब चेस्टनटचं; खाली ओकची टोपीवाली फळं सापडली की प्रश्न मिटतो.

तरीही शंका उरली तर हे झाड पुन्हा वाढवण्यासाठी काम करणाऱ्या 'अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन' या संस्थेकडे नमुना पाठवता येतो. उन्हातली, पूर्ण वाढलेली पानं असलेली ६ ते १२ इंचांची डहाळी कापा, पानं पसरून वर्तमानपत्रात आणि मग दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. ओल कोंडून पानं कुजतात, लव दिसेनाशी होते. आणि सरकारी जंगलात कात्री चालवण्याआधी परवानगी घ्या.

प्रश्न : ऑक्टोबरात झाडाखाली काटेरी बोंडं पडलेली असतात. आतली फळं भाजून खाल्ली तर चालतील?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी बोंड बघा. काटे सुईसारखे, इतके दाट की बोट टेकवायला जागा नाही, आणि फळाच्या टोकाला केसाळ शेंडी असेल, तर चेस्टनट. अमेरिकन चेस्टनटच्या फळावर शेंडीपासून बरंच खालपर्यंत लव असते, चिनीवर फक्त टोकाशी. एका बोंडात सहसा तीन फळं. एकच असेल आणि बोंड दोन फाकांत उघडत असेल, तर ती चिंकापिन, म्हणजे चेस्टनटचीच लहान फळांची बहीण, तीही खाण्याजोगी. सगळी फळं चपटी, पोचट निघाली तर जवळ दुसरं झाड नाही असं समजा. चेस्टनटला परागासाठी जोडीदार लागतो.

काटे जाड आणि विरळ, फळ गोल, चकचकीत, शेंडी नाही, असं असेल तर ते हॉर्स चेस्टनट, नावात चेस्टनट असलं तरी वेगळंच झाड. ते विषारी आहे, उलट्या-जुलाब होतात. भाजून, उकडून विष जात नाही. त्याचं पान सावरीच्या पानासारखं पंजाच्या आकाराचं, पाच-सात पर्णिकांचं असतं आणि फांदीवर पानं समोरासमोर येतात. चेस्टनटची पानं साधी, आलटून-पालटून येतात.

प्रश्न : हिमाचलात पाहिलेलं 'जंगली चेस्टनट' यांपैकी कोणतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पान पंजासारखं असेल तर हिमालयातलं हॉर्स चेस्टनट, तिथलं 'खनोर'. डोंगरातले लोक त्याच्या बिया दळून, पुन्हा पुन्हा पाण्यात धुऊन, कडवटपणा काढून मगच त्याचं पीठ वापरतात. सहलीत उचलून तोंडात टाकू नका.