आईला डर्मॅटोमायोसायटिस असल्यास मुलीची जनुकचाचणी करावी का?

आईला मिरजेत डर्मॅटोमायोसायटिसचे, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर व त्वचेवर हल्ला करते त्या आजाराचे, निदान झाल्यामुळे तासगावच्या घरी असलेल्या तरुण मुलीची जनुकचाचणी करून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते करू नये.

हा आजार डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारासारखा एकाच सदोष जनुकामुळे होत नाही. वारशाने येते ती केवळ प्रवृत्ती, आणि तिच्यात सर्वांत मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा असतो. या जनुकांपासून बनणारी प्रथिने प्रथिनांचे तुकडे टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींपुढे मांडतात व त्यावरून आपले-परके ठरते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत, विशेषतः अँटी-जेओ-१ ही स्वतःच्याच एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असणाऱ्यांत, एचएलए-डीआरबी१*०३:०१ हा प्रकार अधिक आढळतो. परंतु तोच प्रकार असंख्य निरोगी माणसांतही असतो आणि वंशागणिक हे संबंध बदलतात, त्यामुळे तेथील निष्कर्ष आपल्या माणसांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. पीटीपीएन२२ या जनुकाचाही संबंध दिसला आहे, पण त्याचा प्रभाव कमी आहे.

चाचणीत असा प्रकार सापडला तरी उपचार बदलणार नाहीत. पोरीच्या मनाला घोर मात्र लागेल. त्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष असू द्यावे. एसटीची पायरी चढताना मांड्यांत बळ न उरणे, वेणी घालताना हात वर न राहणे, पापण्यांवर जांभळट लाली किंवा बोटांच्या सांध्यांवर खरखरीत चट्टे येणे, यांपैकी काही दिसल्यास विलंब न करता संधिवाततज्ज्ञांना दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) व प्रतिपिंडांची तपासणी करावी.