बाबा, तुम्ही मान वाकडी करून का बघता?

प्रश्न : मुलीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा कमी गुण मिळाले. आम्ही तिसऱ्या प्रयत्नाची तयारी सुरू केली आहे, पण तिनं तिरळेपणा तपासणारी ऑर्थोप्टिस्ट व्हायचा हट्ट धरलाय. लहानपणी तिच्या तिरळेपणावर उपचार झाले, तेव्हापासूनचं हे खूळ. डोळ्यांचे व्यायाम करून घ्यायचे, यात कसलं करिअर? मी रात्री एकपर्यंत तिच्याबरोबर जागतो. हल्ली संध्याकाळनंतर मला एकाची दोन दिसतात, तरी एक डोळा मिटून तिचे सराव-पेपर तपासतो. आणि ही अभ्यास सोडून मलाच विचारते, ‘बाबा, तुम्ही मान वाकडी करून का बघता?’ तिला चार शब्द सांगा. – एक पालक

उत्तर : चार शब्द आधी तुम्हाला. उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि तोवर गाडी चालवू नका. मुलीचं करिअर थोडं थांबेल, हे थांबवू नका.

एक डोळा मिटल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन्ही डोळे एका जागी रोखले जात नाहीत असा त्याचा अर्थ. प्रत्येक डोळा हलवायला सहा स्नायू असतात. त्यांच्यात किंवा त्यांच्या मज्जातंतूंत बिघाड व्हायला मधुमेह, थायरॉइड, डोक्याला बसलेला मार, अशी बरीच कारणं असतात. मान कलती केली की काही जणांच्या दोन प्रतिमा जुळतात, म्हणून माणूस नकळत तसाच बसू लागतो. पापणी खाली आली, डोकं असह्य दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली शक्ती गेली, तर मात्र उद्याचीही वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

नेत्रतज्ज्ञ तुम्हाला बहुधा ऑर्थोप्टिस्टकडेच पाठवतील. जाताना सगळे चष्मे, औषधांची यादी आणि तुमचे जुने फोटो न्या. फोटो कशाला? मान वीस वर्षांपूर्वीही अशीच कलती होती का, हे त्यात दिसतं. म्हणजे दुखणं नवं की जुनंच आता उघडं पडलं, याचा अंदाज येतो. मग प्रश्न सुरू होतील : दोन प्रतिमा शेजारीशेजारी दिसतात की एकीवर एक? दूरचं बघताना की जवळचं? सकाळी ठीक आणि संध्याकाळी जास्त, असं होतं का? त्यानंतर एक डोळा झाकून समोरच्या खुणेकडे बघायला सांगतील. खरी गंमत इथे आहे. झाकला त्या क्षणी उघडा डोळा किंचित सरकून जागेवर आला का, हे ऑर्थोप्टिस्टला टिपायचं असतं. ही हालचाल कधी कधी इतकी बारीक असते की शेजारी उभ्या असलेल्याला काहीच कळत नाही. मग लोलकांची, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचांची, पट्टी डोळ्यासमोर धरून, ती हालचाल थांबेपर्यंत लोलक बदलत जायचं. तिथे तिरळेपणाचा नेमका आकडा मिळतो. यात कुठेही दुखत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, म्हणून कुणाला तरी सोबत न्या.

आता ‘डोळ्यांचे व्यायाम’. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. व्यायाम हा या कामाचा लहानसा भाग आहे आणि तो ठरावीक तक्रारींवरच चालतो. उदाहरणार्थ, वाचताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नसतील तर. व्यायामानं चष्मा घालवून देतो म्हणणाऱ्यांशी या लोकांचा संबंध नाही. चष्म्याचा नंबर प्रामुख्यानं डोळ्याच्या घडणीमुळे येतो, तो असा उतरत नाही. ऑर्थोप्टिस्ट अक्षरओळख नसलेल्या मुलाची दृष्टी चित्रं दाखवून मोजतो, आळशी डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी किती तास बांधायची ते बघतो, तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेआधी सर्जनला मापं देतो, पक्षाघातानंतर दोन-दोन दिसणाऱ्याच्या चष्म्यावर लोलकाची पातळ फिल्म चिकटवून त्याला जिना उतरता येईल असं करतो.

पट्टी बांधून घेताना मूल का रडतं, हे तुमच्या मुलीला पुस्तकातून शिकावं लागणार नाही. तुम्ही त्याला खूळ म्हणता.

मला गुणांपेक्षा तुमचं ‘आम्ही तयारी सुरू केली आहे’ जास्त खटकलं. परीक्षा कोण देणार आहे? तिसरा प्रयत्न तिला हवा असेल तर जरूर करू दे. पण ती नको म्हणते आहे आणि त्याऐवजी काय हवं तेही सांगते आहे. इतकं स्पष्ट बोलणारी मुलं माझ्याकडे फार येत नाहीत.

तिलाही गोड बोलून फसवणार नाही. शस्त्रक्रिया करता येणार नाही, डॉक्टरांइतकी कमाई बहुधा होणार नाही, आणि ‘म्हणजे नक्की काय करतेस?’ या प्रश्नाचं उत्तर जन्मभर द्यावं लागेल. रडून लाल झालेल्या मुलासमोर तीच खेळणी, तोच लोलक, पुन्हा पहिल्यापासून. प्रवेशाचं म्हणाल तर काही देशांत ही स्वतंत्र पदवी आहे, काही ठिकाणी हा विषय ऑप्टोमेट्रीबरोबर (दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचं शिक्षण) किंवा त्यानंतर शिकवतात. शाळेत विज्ञान घेतलेलं असलं की बहुतेक वाटा खुल्या असतात.

तपासणीला तिलाच सोबत न्या आणि परवानगी मिळाली तर खोलीत बसू द्या. तुमची मान कलते हे घरात सर्वांत आधी तिला दिसलं, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून मला लिहून पाठवलंत. फोटोही तिलाच शोधू द्या.